महिला आणि बाया

“नियम काय हाय, तेवढं सांगा.”

धुरपताबाई हे वाक्य आवाज न चढवता बोलायची. यंदा धान्य आलंच नाही म्हणणाऱ्या रेशनवाल्याला बोलायची. तुळजापुरात रांग मोडून बड्या लोकांना पुढं सोडणाऱ्याला बोलायची. अर्ध्या तिकिटाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्या कंडक्टरला बोलायची. समोरच्यानं नियम सांगितला, की मुकाट बाजूला व्हायची. त्याला सांगता आला नाही, तर मात्र जागची हलायची नाही.

तिचा नवरा बब्रुवान मेंढरं राखायचा. तो म्हणायचा, “माजं अख्खं खांड एका हाकेत वळतंय, ही एक वळत न्हाय.” म्हणायला ती तक्रार होती, पण सांगताना गड्याच्या मिशा हसायच्या.

जळकोटला ती सून म्हणून आली, तेव्हा गावात खळी होती. खळ्याची माती भिजवावी, चोपावी, शेणानं सारवून आरशासारखी करावी, हे काम गावानं तिलाच सांगावं. मग मळणीयंत्रं आली, खळी मोडली, आणि मातीवर फिरणारा तिचा हात नुसता घरच्या अंगणापुरता उरला. असा उरलेला हात पुन्हा मातीला लागला तो टेनिसमुळं.

गावाच्या अलीकडं, हायवेला लागून, एका क्लबानं लाल मातीची मैदानं केली होती. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिथं स्पर्धा भरली. रस्त्यावरून जाणाऱ्या एस्टीतूनही वाचता यावा एवढा मोठा फ्लेक्स लागला : ‘महिला एकेरी व्यावसायिक टेनिस स्पर्धा. महिलांच्या कर्तृत्वाला सलाम.’ कुठल्या कुठल्या देशांच्या पोरी आल्या. तुळजापूरच्या लॉजवर उतरायच्या आणि सकाळी गाड्यांतून मैदानावर यायच्या.

आणि जळकोटहून पायी यायच्या त्या बाया. एक सेट संपला की मैदानावरून लांबरुंद जाळी ओढून उकरलेली माती सारखी करायची, पांढऱ्या रेघा झाडून काढायच्या, सामन्यांच्या मधल्या वेळात पाइपानं पाणी मारायचं, एवढं त्यांचं काम. बायांची मुकादम धुरपताबाई. तिच्या जोडीला जाळीचं दुसरं टोक धरायची इरम्मा. इरम्मा कर्नाटकातून जळकोटला नांदायला आलेली, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. धुरपताबाईला ती अक्का म्हणायची.

पहिल्या दिवशी क्लबाचा व्यवस्थापक योगीराज कागद बघून सांगत होता, कुणाचा सामना कुणाशी. हा योगीराज जळकोटचाच पोरगा, शिकून क्लबात चिकटलेला. एका खेळाडूच्या नावावर बोट ठेवून तो म्हणाला, “हिला पहिल्या फेरीत बाय मिळालाय.”

“कोणती बाय?” धुरपताबाईनं विचारलं.

“बाय म्हंजे कुणीच न्हाय, मावशी. समोर कुणी नसतंय. तशीच पुढच्या फेरीत जाती.”

“मग कागदावर बाय कशाला लिवली?”

“लिवायची पद्धत हाय.”

धुरपताबाई बायांकडं वळली. “बघा गं. न आलेल्या बायचं नाव कागदावर, आन् आलेल्या बायांचं न्हाय.”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. इरम्माही हसली. त्या स्पर्धेत ती हसली ती तेवढीच.

मैदानाच्या कडेला एक खोली होती. आत पांढरी फरशी, आरसे, वाहते नळ. दारावर पाटी : ‘फक्त महिलांसाठी’. दुपारच्याला इरम्मा तिकडं गेली. दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर धनाजी नावाचा राखणदार बसला होता. त्यानं पाय लांब करून वाट अडवली.

“कुठं?”

इरम्मानं नुसतं पाटीकडं बोट केलं.

“ती महिलांसाठी हाय,” धनाजी म्हणाला. “तुमी बाया तिकडं जावा.”

तिकडं म्हणजे भिंतीपलीकडं. भिंतीपलीकडं एका अंगाला हायवे वाहत होता. दुसऱ्या अंगाचा ऊस कारखान्याला गेला होता, आणि राहिलेलं रान तळहातासारखं उघडं होतं. खोडक्यांच्या आड चिमणी दडली नसती, बाई कुठली दडणार?

मग बायांनी जे करायचं तेच केलं. पाणी पिणं सोडलं. हातात दिवसभर पाण्याचा पाइप, मातीला पोटभर पाजायचं, आणि आपल्या घशाखाली घोट जाऊ द्यायचा नाही. आणि ती पांढरी खोली रोज सकाळी खेळाडू यायच्या आधी घासूनपुसून लख्ख करायची कुणी, तर इरम्मानं. तिनं फरशी पुसावी, बादली उचलावी, बाहेर यावं. मग धनाजीनं दाराशी खुर्ची टाकावी. धुवायला बाई, वापरायला महिला.

इरम्माला उन्हाळी लागली. लघवीची आग, ओटीपोटात कळा, कमरेत चमक. घरी धन्याजिऱ्याचं पाणी करून प्यायची आणि दिवसभर पुन्हा कोरडी राहायची. कुणाला सांगण्यासारखं दुखणं ते नव्हे. शेवटी जाळी ओढता ओढता ती मटकन बसली, तेव्हा अक्काला सांगावं लागलं.

धुरपताबाई तशीच योगीराजपुढं जाऊन उभी राहिली.

“त्या खोलीत आमी जायचं न्हाय, असा नियम काय हाय, तेवढं सांग.”

“नियम असा न्हाय मावशी. पण पाव्हण्या परदेशी हायत. स्वच्छता ठेवावी लागती.”

“धुती कोण ती खोली?”

योगीराज हातातले कागद चाळायला लागला.

“एस्टीत अर्धं तिकीट काढताना आमी महिला. इथं आलो की बाया व्हय? मधी उतरताना काय सांडलं आमचं?”

“मी वर बोलतो,” योगीराज म्हणाला.

हे वर म्हणजे कुठं, ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, बोललोय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बघतायत. वर बघणारे बघत राहिले आणि खाली इरम्मा ओठ दाबून जाळी ओढत राहिली. धुरपताबाई तिला म्हणाली, “तू घरी थांब गं.” पण इरम्मा घरी थांबायला तयार होईना. थांबलं की दुसरी बाई लावतात, हे तिला ठाऊक होतं.

मग उपांत्य सामना आला. एक उंच, वेण्या घातलेली पोरगी पहिला सेट हरली. तिनं उंच खुर्चीवरल्या पंचबाईकडं बघून हात वर केला, दोन शब्द बोलली, आणि एका अधिकारी बाईच्या सोबतीनं मैदानाबाहेर निघून गेली. खेळ थांबला. लोक थांबले. समोरची खेळाडू बाकावर टॉवेल घेऊन बसली. जाळी ओढून झाली तरी पोरगी आली नाही.

“कुठं गेली रं ती?” धुरपताबाईनं योगीराजला विचारलं.

“बाथरूमला.”

“आन् एवढी माणसं?”

“थांबायचं. नियमच हाय मावशी. सामन्यात एकदा जाता येतं.”

धुरपताबाई त्या रिकाम्या मैदानाकडं बघत राहिली. इरम्माला वाटलं, आता अक्का काहीतरी खोचक बोलेल. ती म्हणाली, “लई चांगला नियम हाय.”

आणि तिनं ते मनापासून म्हटलं होतं. त्या पोरीचा राग कुणालाच आला नाही. पोरगी तोंड धुऊन ताजी होऊन आली, कडेला उभ्या इरम्माकडं बघून हसली, आणि खेळायला गेली. राग आला तो खुर्ची टाकून बसलेल्या धनाजीचा, आणि त्याला तिथं बसवणाऱ्यांचा.

अंतिम सामन्याला खुर्च्या भरल्या. प्रमुख पाहुणे आले, त्यांना फेटे बांधले. भाषणात महिला हा शब्द इतक्यांदा आला की इरम्माला तो परक्या गावचं नाव वाटायला लागला. ऊन चढलं. पहिला सेट लांबला. इरम्मा कडेला गुडघे आवळून उभी होती. कळ आली की डोळे मिटायची.

सेट संपला. बाया जाळ्या घेऊन आत गेल्या. मैदानाच्या मधोमध आल्यावर इरम्माला पुढं पाऊल टाकवेना. धुरपताबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग आपल्या हातातली जाळी तिनं अलगद मातीवर ठेवली, पदर सारखा केला, आणि पंचबाईकडं बघून हात वर केला.

पंचबाईला काही उमजेना. तिनं योगीराजकडं बघितलं. योगीराज वाकून पळत आला, चोरानं पळावं तसा.

“काय करताय मावशी? उचला जाळी.”

“आमाला ब्रेक पायजे.”

“सामना झाला की बघू की.”

“सामन्यात एकदा जाता येतं. तूच सांगितलंस.”

“ते खेळाडूंसाठी हाय.”

“मूत काय खेळाडूलाच येतं व्हय रं?”

पुढच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. बाकीच्या बायांनीही जाळ्या खाली ठेवल्या. झाडणारीनं ब्रश रेघेवर आडवा टाकला. दोन्ही खेळाडू बाकावरून बघत होत्या. फेटेवाले पाहुणे शेजाऱ्याच्या कानाशी लागले. योगीराजनं घाम पुसला, आणि लांबूनच धनाजीला हात केला.

धनाजी उठला. त्यानं खुर्ची उचलून बाजूला ठेवली. दाराला कुलूप नव्हतंच. एक खुर्ची तेवढी होती.

आधी इरम्मा गेली. तिला पाऊल उचलताना त्रास होत होता, म्हणून सगळं मैदान तिच्या पावलानं थांबून राहिलं. मग एकेक करून बाकीच्या. खेळाडूंच्या पाण्यातली एक बाटली कुणीतरी इरम्माच्या हातात दिली. ती उभ्यानंच गटागटा प्यायली, पाणी गळ्यावरून चोळीवर ओघळलं. बाया परतल्या, जाळ्या उचलल्या. धुरपताबाई मात्र त्या खोलीकडं गेलीच नाही. जिथं हात वर केला होता, तिथंच उभी राहिली.

योगीराजच्या जिवात जीव आला. तो हसून म्हणाला, “झालं न्हवं मावशी मनासारखं? धरा आता.”

“मनासारखं?” धुरपताबाई म्हणाली. “हिच्या पोटात आग पडली हुती, तवा तू वर बोलत हुतास. आज तुमचा खेळ अडला, तर खुर्ची उचलायला कितीसा वेळ लागला?”

“मावशी, लोक बघतायत.”

“म्हणून तर उघडलंस.”

तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला, हातावरली लाल माती झटकली. “इरम्मा, आता तुला कुणी अडवीत न्हाय. अडवलं तर मला हाक मार. म्या ह्या मातीला आता हात लावायची न्हाय.”

ती मैदानाच्या मधून निघाली. तिची अनवाणी पावलं ओल्या लाल मातीवर एकामागं एक उमटत गेली. पाहुण्यांच्या खुर्च्यांमधल्या वाटेनं ती पुढं सरकली, तसे लोक पाय आत घेत गेले. फाटकातून बाहेर पडून हायवेच्या कडेनं ती जळकोटच्या वाटेला लागली. मागं वळून तिनं बघितलं नाही.

उंच खुर्चीवरून पंचबाई बघत होती. बाकावरून दोघी खेळाडू बघत होत्या. धनाजी उभ्यानंच बघत होता, खुर्चीवर बसायचं त्याला सुचत नव्हतं. आणि जाळीचं एक टोक हातात घेऊन इरम्मा बघत होती, दुसरं टोक अजून कुणी धरलं नव्हतं.