आठवा फॉर्मा

बांधणीकाकू कोणालाही माफ करत नसत. त्या रागावत नसत, भांडत नसत, आवाजसुद्धा चढवत नसत. फक्त लक्षात ठेवत. मी एकदा विचारलं, "काकू, एकदाचं भांडून का नाही टाकत?" तर म्हणाल्या, "भांडलं की समोरचा मोकळा होते. त्याले काहून मोकळं करू?"

काकू आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, दीक्षितपुऱ्यात राहायच्या. गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाला बसे. त्याने एकदा त्यांना म्हटलं, "ए बुढ़िया, लेना हो तो ले, नहीं तो आगे बढ़." तेव्हापासून काकू रोज त्याच्यापुढे उभ्या राहत. "भैया, भटे क्या भाव? गिलकी? और धनिया?" सगळे भाव ऐकून घेत, "अच्छा" म्हणत आणि शेजारच्या गाडीवरून तीच भाजी घेत. हे कित्येक वर्षं चाललं. मी बरोबर असताना एकदा त्याने हात जोडले. "अम्माजी, अब तो माफ कर दो." काकू म्हणाल्या, "हाँ हाँ. और लौकी?"

पुस्तकांची बांधणी त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. वडील छापखान्यात होते. नवरा गेल्यावर तेच हातातलं काम त्यांच्या उपयोगी पडलं. रांझीला आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांजवळ मराठी लोकांचं एक लहान वाचनालय होतं. तिथे पुस्तक आलं, की वाचकाच्या हाती पडण्याआधी काकू त्याला उसवून पुन्हा पक्कं शिवत आणि जाड पुठ्ठा घालत. दर गुरुवारी दुपारी पिशवीत दाभण, दोरा आणि कात्री घेऊन त्या बसने येत. फार काम असलं, तर पुस्तकं घरी नेत.

पुस्तकाला त्रास देणाऱ्यांचं तर विचारूच नका. एका साहेबांनी प्रवासाच्या पुस्तकातला नकाशा पात्याने कापून घेतला होता. काकूंनी त्या जागी कोरं पान चिकटवलं आणि त्यावर लिहिलं, "नकाशा अमुक साहेबांकडे आहे. पाहायचा असल्यास संध्याकाळी जावे." खाली क्वार्टरचा नंबर. लोक खरंच जाऊ लागले. आठ दिवसांत नकाशा परत आला.

माझी ओळख त्यांच्याशी खळ शिजवण्यावरून झाली. मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली. शाळा चौथीपर्यंत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मैद्यात किडीसाठी मोरचूद घालून मी चिकटवायची खळ ढवळायची, आणि पानं लागली की काकू म्हणायच्या, "पोरी, नंबर वाच." मी नुसते आकडे वाचायची. पुढे त्या म्हणाल्या, "आता पानावरची शेवटची ओळ वाच अन् पुढच्याची पहिली. जुळते का सांग." अशा जुळवता जुळवता मी पुस्तकं वाचू लागले. शाळेने जे दिलं नाही ते मला या खोलीने दिलं.

एका वर्षी वाचनालयात किशोरांसाठी लिहिलेली एक रहस्यकादंबरी आली. पंधरा वर्षांची एक मुलगी सिनेमात गाजते. भिंतीभिंतीवर तिची चित्रं लागतात, रस्त्याने चालता येत नाही. मग तिला पत्रं येऊ लागतात, की तुझा शेवट जवळ आला आहे. कोणीतरी तिच्या खोलीपर्यंत येऊन जातं, आणि ते कोण हे कळत नाही. होती मुलांसाठी, पण आमच्या क्वार्टरांतल्या बायकांपासून फोरमनपर्यंत सगळ्यांनी वाचली. मी दोनदा वाचली. त्या मुलीची मला फार काळजी वाटली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी अभिप्रायाची सभा असे. वाचकांनी चिठ्ठी लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायची आणि वाचनालयाच्या सेक्रेटरीसाहेबांनी ती मोठ्याने वाचायची. आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचलीच पाहिजे, हा नियम त्यांनीच केलेला. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना तो माहीत होता.

त्या रविवारी डबा भरला होता. शाळेच्या गुरुजींनी लिहिलं होतं, "प्रसिद्धीच्या मोहाचे भेदक चित्रण." फोरमननी लिहिलं, "मुलींना सिनेमात पाठवू नये हा बोध." कॉलेजातल्या एकाने लिहिलं, "शेवट वाचकावर सोपवला आहे, हे धाडस." सेक्रेटरीसाहेबांनी मान डोलावली. "अगदी माझ्या मनातलं! दाराची कडी वाजते, मुलगी विचारते 'कोण?', आणि बस्स. कादंबरी संपते! काय शेवट आहे!"

मग त्यांनी माझी चिठ्ठी उघडली. मी लिहिलं होतं, "दाराशी कोण होता ते लिहीलच नाही. मुलगी वाचली का. शेवटी समाप्त पण नाही. पुस्तक आर्धं आहे."

ते 'आर्धं' त्यांनी तीनदा वाचलं. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "यात चुका किती?" लोक हसले. माझे यजमानही हसले, जरा उशिरा. सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, लेखक सगळं ताटात वाढत नसतो. थोडं चावावंही लागतं. चौथीच्या पुस्तकात असतं तसं 'समाप्त' इथे कसं मिळेल?"

मी पदर तोंडाशी धरून बसले. ठरवलं, की आता पुन्हा काही लिहायचं नाही. वाचायचंही नाही.

मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्या उठल्या, टेबलावरचं पुस्तक घेतलं, अंगठ्याने पाठ दाबून पाहिली आणि शिवण मोजली. तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "सातच." आणि पुस्तक ठेवून निघून गेल्या.

सोळा पानांचा एक फॉर्मा. पुस्तक आठ फॉर्म्यांचं होतं. काकूंनी ते घरी बांधलं होतं आणि पानं जुळवायला मी नव्हते, बाळंतपणाला माहेरी गेले होते. सातवा फॉर्मा नेमका पूर्ण वाक्यावर संपत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. आठवा त्यांना घरी सापडला, दाबाच्या दगडाखालच्या रद्दीत. गुरुवारी त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

"हा मी चुलीत टाकला असता तर कोणाले समजलं नसतं," त्या म्हणाल्या.

"टाका मग," मी म्हटलं. "तुमचं नाव खराब होईल."

"होऊ दे. अन् तू जन्मभर येडी ठरशील ते? चाळीस वर्षांत माह्या हातून एक फॉर्मा नाही सुटला. आता सुटला तर त्याची शिक्षा मले नको? मी काय स्वतःची मावशी हाओ, लाड कराले?"

पुढच्या सभेत त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. शेवटची सोळा पानं माझ्याकडून राहिली. तसं मी लिहून, सही करून आणलं आहे, हे घ्या. अन् ही पानं सेक्रेटरीसाहेबांनी वाचून दाखवावी. त्यांचा आवाज चांगला आहे."

त्यांना वाचावं लागलं. दारामागचा माणूस निघाला त्या मुलीचा सेक्रेटरी. तिच्या चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं लिहिणारा, गोड बोलणारा. तो शब्द वाचताना साहेबांचा आवाज बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने वाचा, सेक्रेटरीसाहेब!" आणि छप्पर उडेल असं हसू झालं. मुलगी वाचली. शेवटच्या पानावर मध्यभागी छापलं होतं, समाप्त. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चावलं सगळ्यांनी?"

त्या दिवशी मी घरी जाताना पहिल्यांदा यजमानांच्या पुढे चालले.

पंधरा दिवसांनी सेक्रेटरीसाहेबांनी काकूंचं काम काढून घेतलं. कारण दिलं निष्काळजीपणा, पुरावा त्यांचीच सही. कमिटीत कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण ते काही फार मोठं कारण नाही.

काकू मझौलीला भाचीकडे निघाल्या. बसपाशी मी रडू लागले, तर म्हणाल्या, "रडून काय करून राहिली? रडणं वाळून जाते. लिही." मी म्हटलं, "ते वाचतील का?" "नियम त्याचाच आहे न? तो वाचीन नाही तर जाईन कुठं? पण ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिही. त्याले हसाले जागा नको देऊ." बस सुटली. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्याचं पत्र आलं.

मी लिहू लागले. दर महिन्याला एक चिठ्ठी. वर पुस्तकाबद्दल चार ओळी, खाली एक ओळ: "बांधणीकाकूंना काढले हा अन्याय झाला." सुरुवातीला साहेबांनी ती वाचली. मग ते खोकून गाळू लागले. तेव्हा मागून लोक ओरडत, "खालची ओळ राहिली, साहेब!" त्यांना पाणी पिऊन वाचावी लागे. त्यांची मुलगी परीक्षेत पहिली आली, त्या महिन्यातही मी लिहिलं. ते आजारातून उठले, त्या महिन्यातही. लोक म्हणाले, वहिनी, आता पुरे. मला पुरे वाटत नव्हतं.

अखेर त्यांची नजर अधू झाली. चिठ्ठ्या वाचायला त्यांनी एका शेजाऱ्यांची मुलगी बसवली. तिला मराठी वाचता येई, समजे मात्र थोडंथोडं. तिने माझी चिठ्ठी पूर्ण वाचली, खालच्या ओळीसकट, आणि कागद उलटून पाहत विचारलं, "ये बांधणीकाकू कौन थीं, अंकलजी?"

"पुरानी बात है बेटा. आगे पढ़ो."

मी उभी राहिले. पुढची खुर्ची धरली. मग सगळं सांगितलं. फळ्यावरचं 'आर्धं', सात फॉर्मे, त्यांची सही आणि ती कोणी कशासाठी वापरली ते. पोरीला समजावं म्हणून मध्येमध्ये हिंदीत सांगितलं.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "वहिनी, आता इतक्या वर्षांनी..."

"हो," मी म्हटलं, "आता."

बोलून झालं तरी मी बसले नाही. त्यांनी मान खाली घालेपर्यंत उभी राहिले.