जे लिहिले नाही ते धड

लाँड्रीच्या पुढल्या दालनात, दरवाजातून आत शिरताच उजव्या हाताला, एक लांब पांढरे टेबल आहे. त्या टेबलामागे एकतीस वर्षे एकच बाई उभी राहत आली आहे. तिचे खरे नाव हजेरीपुस्तकात असेल. बाकी सर्वजण तिला डागमावशी म्हणतात, आणि हे नाव मावशींना मानाचे वाटते.

आलेला प्रत्येक कपडा मावशी आधी खिडकीच्या उजेडात धरतात. मग उलटा करतात. कॉलर, काख, खिशांचे तळ, सगळीकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात आणि मगच पावती लिहितात : "निळी पँट. डावा गुडघा विरलेला. हूक तुटके. मागे तेलकट डाग, जुना." पुढे गिऱ्हाइकाने गुडघ्यावरून भांडण उकरलेच, तर पावती शांतपणे पुढे सरकवायची. या टेबलाचा नियम एकच आहे, आणि तो थोरल्या मालकांनी घालून दिलेला आहे : दोष असेल तो लिहायचा, जे लिहिले नाही ते धड.

पूर्वी मावशी सांगत आणि कारकून लिहून घेई. बासष्टाव्या वर्षी त्यांनी प्रौढांच्या वर्गात नाव घातले. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांनी कारकुनाच्या हातातले पेन काढून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही आता दुसरं काहीतरी करा बघू." तेव्हापासून पावतीवरचे अक्षर त्यांचे आहे. ते मोठे आहे, थोडे डावीकडे झुकलेले आहे, पण कोणालाही वाचता येते.

मागच्या खोलीत, वाफेच्या ढगात, इस्त्रीवाला उभा असतो. त्याच्याबद्दल लाँड्रीत सर्वांचे एकमत होते की त्याच्याबद्दल न बोललेले बरे. राग त्याच्या नाकावर मुक्कामालाच होता. सकाळी कोणी "काय, बरं आहे ना?" असे विचारले, तर "का? बरं नसलं तर तू इस्त्री करणार आहेस?" असे उत्तर मिळे. मावशींना मात्र तो ताई म्हणे. एरवी त्यांच्याशीही तो गोड बोलत होता असे नव्हे.

त्या गुरुवारी मावशींच्या वर्गाची परीक्षा होती, म्हणून त्यांनी रजा घेतली होती. टेबलावर दुसरी एक बाई उभी होती. तिने एक काळा कोट आत घेतला आणि पावतीवर लिहिले : "काळा कोट, चांगला." शुक्रवारी इस्त्रीखाली त्या कोटाचे अस्तर खांद्याच्या आतल्या बाजूने वितळले. गिऱ्हाइकाने दालन डोक्यावर घेतले.

मालकांच्या धाकट्या कन्येने, म्हणजे धाकट्या बाईंनी, तीन महिन्यांपूर्वीच कारभार हाती घेतला होता. त्यांनी इस्त्रीवाल्याला बोलावून कारण विचारले. तो म्हणाला, "पावती वाचा. वाचता येतं ना?" एवढे बोलून तो पाठ फिरवून वाफेत निघून गेला.

धाकट्या बाईंचा चेहरा लाल झाला. संध्याकाळी त्यांनी मावशींना खोलीत बोलावले.

"मावशी, सोमवारी सकाळी मी याचा निकाल लावणार आहे. कोणाला विचारलं तर कोणी चांगलं बोलत नाही. तुम्ही इतकी वर्षं बरोबर काढलीत. माणूस कसा आहे ते मला लेखी द्या."

"तोंडी सांगू का?"

"नको. लेखी. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी चिडून काढलं."

मावशी बाहेर आल्या. इस्त्रीवाला छप्पन्न वर्षांचा होता. या वयात दुसऱ्या कोणत्याही लाँड्रीने त्याला उभे केले नसते, आणि दुसरे काम त्याला येत नव्हते. त्याची भाकरी आता मावशींच्या अक्षरावर येऊन ठेपली होती.

रविवारी दुपारी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वर्गाची वही उघडून बसल्या. वहीत शिक्षिकेने माणसाच्या वर्णनाचे शब्द लिहून दिले होते. मावशींनी त्यांतले सर्वांत उत्तम पाच निवडले आणि एकेक अक्षर घोटून लिहिले : प्रामाणिक, मेहनती, प्रेमळ, विनम्र, चांगला. समोर सून लसूण सोलत होती. तिने मान लांब करून वाचले आणि हातातला लसूण खाली ठेवला.

"आई, हे काय? कोणासाठी स्थळ बघताय का?"

"इस्त्रीवाल्याचं आहे ते."

"विनम्र? तो?" सून पदरात तोंड घालून हसू लागली. "मागच्या वर्षी घरी आला होता तेव्हा मला काय म्हणाला आठवतंय? म्हणे, हे पडदे कोणी शिवले, भांडण झालं होतं का त्या दिवशी?"

"पडदे तिरकेच होते."

"असू देत हो तिरके! म्हणजे ते विनम्र झालं का? आई, खरं सांगू? या कागदावर वर कोणाचंही नाव घाला, चालून जाईल. आपल्या दूधवाल्याचं घाला. तुमच्या लेकाचं घाला. नाही, त्याचं नको, मेहनती आहे तिथे."

मावशींना हसू आले नाही. कागदावरचा शेवटचा शब्द त्या पाहत राहिल्या. हाच शब्द त्या काळ्या कोटाच्या पावतीवर होता. चांगला म्हणजे न पाहिलेला. ज्या बाईने कोट उलटा केला नव्हता, तिनेच तो शब्द लिहिला होता. आणि आता स्वतः मावशी एका जित्याजागत्या माणसाला उलटा न करताच पावती देत होत्या.

त्यांनी कागद फाडला. डोळे मिटले. इस्त्रीवाल्याला मनातल्या मनात खिडकीच्या उजेडात धरले, उलटा केला, कॉलरीपासून शिवणीपर्यंत पाहिला. मग नवा कागद घेतला आणि हात न थांबवता लिहिले :

"इस्त्रीवाला. तिरसट. हट्टी. जिभेने कडू. डाव्या कानाने कमी ऐकणारा, उजव्याने ऐकून न ऐकणारा. चूक दाखवली की चिडणारा. जेवताना कोणालाही जवळ बसू न देणारा. सदरा खालच्या कडेला जळका. डाग जुने, बरेच."

आणखी काही शब्द त्यांनी एकेक करून मनात आणले, त्याच्या अंगाला लावून पाहिले आणि बाजूला ठेवले. ते बसत नव्हते. खाली सही केली. वर्णन इतके नेमके उतरले होते की रविवारची उरलेली दुपार त्या निर्धास्त झोपल्या.

सोमवारी सकाळी धाकट्या बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी त्याची बाजू घ्याल. संपलं तर मग." आणि त्यांनी कागद मुठीत चुरगळून टेबलावर टाकला.

मावशींना क्षणभर काही उमगले नाही. आपण तर त्याला वाचवणारा कागद दिला होता! मग त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी पाठ ताठ केली.

"बाई, तुम्ही हे पत्र म्हणून वाचलंत. ही पावती आहे. त्यात निष्काळजी लिहिलंय का?"

"नाही."

"खोटारडा?"

"नाही."

"कामचुकार? हाताचा कच्चा? चोरटा?"

धाकट्या बाईंनी चुरगळलेल्या कागदाकडे पाहिले. "नाही. पण लिहायचं राहिलं असेल."

"माझ्याकडून दोष लिहायचा राहत नाही. तुमच्या वडिलांनी एकतीस वर्षं माझ्या शब्दावर कपडे धड म्हणून घेतले आणि धड म्हणून परत दिले. माणूस घ्यायला काय हरकत आहे?"

बाईंनी कागद उलगडला. तो पुन्हा वरपासून वाचला. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे सदऱ्याचं काय?"

"चला, दाखवते."

कामाच्या वेळी त्या मागच्या खोलीत धाकट्या बाईंनी आजवर पाऊल टाकले नव्हते. दोघी दारात उभ्या राहिल्या. इस्त्रीवाल्याने एक ब्लाउज पसरला. इस्त्री उचलली. ती ब्लाउजवर न टेकवता त्याने आपल्या सदऱ्याचे टोक टेबलावर ओढले, त्यावर इस्त्री टेकवली, उचलली, टोक निरखले, आच कमी केली, आणि मगच ब्लाउजला हात लावला. पुढचा कपडा आला, तेव्हाही तेच. त्याच्या सदऱ्याची खालची कड तपकिरी ठिपक्यांनी भरली होती.

"मग कोट कसा वितळला?" बाईंनी हळू आवाजात विचारले.

मावशींनी तो कोट आणला आणि उलटा केला. अस्तर रेशमी होते. मात्र खांद्याखाली त्याच काळ्या रंगाचे नायलॉनचे ठिगळ होते. वितळले होते ते ठिगळच. "आधी उजेडात धरला असता तर दिसलं असतं. पावतीवर आलं असतं. पावतीवर असतं, तर याने तिथे इस्त्री लावलीच नसती. आणि त्या बाईला मी काही शिकवून गेले नव्हते. ते माझ्याकडून झालंय, ते माझ्या नावावर लिहा."

"मग शिकवा तिला. आजपासून." धाकट्या बाई कोटाकडे पाहत म्हणाल्या. "गिऱ्हाइकाशी मी बोलते. याला राहू द्या. पण माझ्याशी पुन्हा असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही, सांगून ठेवा."

"ते पावतीवर आहे, बाई. पहिलाच दोष."

दुपारी मावशींनी कागद इस्त्रीवाल्यापुढे धरला. त्याने चष्मा शोधण्याचे कष्ट घेतले नाहीत. "वाच, ताई." मावशींनी खड्या आवाजात सर्व वाचून दाखवले.

"हट्टी खोटं आहे," तो म्हणाला.

"खरं आहे."

"खोटं आहे."

"खरं आहे."

"खोटं आहे म्हटलं ना! आणि कानाचं कशाला लिहिलंस? कानाने इस्त्री करतो का मी?"

"होतं ते लिहिलं."

त्याने कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तोंड वाकडे केले. "असा चुरगळलेला कागद देतात का कोणाला?" मग त्याने तो टेबलावर पसरला, वर मलमलीचा तुकडा घातला, आच अगदी कमी केली, इस्त्री आधी आपल्या सदऱ्याच्या टोकावर टेकवली, टोक निरखले, आणि मगच ती कागदावरून सावकाश फिरवू लागला.