खोडाळ्याला लेकीला आणायला गेले, त्याची गोष्ट

आमची रूपाली खोडाळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. आता तिला घराजवळ भिवंडीत बदली मिळत होती, आणि हवी की नको ते सोमवारी कळवायचं होतं. फोनवर विचारलं की नुसतं "बघू गं". म्हटलं, बघू नाही नि बिघू नाही, शनिवारी जाऊन लेकीचं मन वळवायचंच. ह्यांना सांगितलं, गाडी काढा.

मार्चची सुरुवात होती. आमच्या अंजूरहून भिवंडीपर्यंत कंटेनरच्या मागे रांगत गेलो. अंबाडीला वडापाव खाल्ला, तिखटजाळ पण झकास. वाड्यापर्यंतचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, तेव्हा कंबरदुखीवाल्यांनी उशी घ्या. पेट्रोल वाड्यातच भरा, पुढचा भरवसा धरू नका. वाटेतलं परळी गाव सोडलं की चढण लागते आणि मग सगळं माफ! साग पानं गाळून उभा, मध्येच पळस लालभडक. ह्यांनी पळसाचे फोटो काढायला दोनदा गाडी थांबवली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझा एक फोटो धड काढलेला नाही. पुढे मोहाचा गोड वास आला आणि आम्ही एसी बंद करून काचा खाली घेतल्या.

खोडाळा म्हणजे बाजाराचा एक रस्ता, एसटीचा थांबा, थोडी घरं, आणि चहूबाजूंनी डोंगर नि जंगल. गाव उंचावर आहे. दुपारी ऊन चटके देतं, पण घाम येत नाही. आमच्याकडे खाडीच्या हवेने मिठाला पाणी सुटतं, रूपालीच्या डब्यातलं मीठ मात्र कसं सुटं, भुरभुरीत. राहायला लॉज शोधत बसू नका, ओळखीचं घर बघा. आम्हाला शेजारच्या हिराबाईंनी नाचणीची भाकरी आणि उडदाचं डांगर वाढलं. पैशाचं नाव काढलं तर रागावल्या.

संध्याकाळी सगळे विहिरीवर गेलो. पाणी पार तळाला. मी मनात म्हटलं, सापडला मुद्दा! तेवढ्यात हे वाकून बघत शांतपणे म्हणाले, "ओहोटी हाय. सकाली भरंल."

हिराबाई कळशी खाली ठेवून हसायलाच लागल्या. "दादा, इथं डोंगरात कुठची ओहोटी?"

ह्यांचीही चूक नाही. खाडीकाठी आमच्या विहिरींचं पाणी भरतीला चढतं, जन्मभर तेच बघितलेलं. रूपाली हसून हसून लाल झाली. मग तिनेच समजावलं, की पावसाळ्यात इथे धो धो पडतो, दहा पावलांवरचं धुक्यात दिसत नाही. पण माती पातळ, खाली सगळा कातळ. पाणी उतारावरून निघून जातं, आणि मार्चपासून विहीर झऱ्यांवर चालते, रात्रभर थेंब थेंब साचते.

"आणि मे महिन्यात?" मी विचारलं.

"मे महिन्यात टँकर," ती म्हणाली. लपवलं नाही तिने काही.

अंधार पडला तशी थंडी उतरली. मार्चमध्ये मी गोधडी घेऊन झोपले, आणि पंख्याशिवाय अशी झोप लागली की विचारू नका. सकाळी विहीर खरंच चढलेली होती. हे असे ऐटीत फिरत होते, जसं काही भरती ह्यांनीच आणली. "बगितलंस, बोललू न्हाय मी?"

निघताना मी विषय काढला. सरळ म्हटलं, "रूपे, घरी चल. तुझ्याशिवाय करमत नाही मला." तिने मला मिठी मारली, पण हो म्हणाली नाही. परतीच्या वाटेवर हे गुणगुणत होते आणि मी तोंड फुगवून बसले होते. पण खोटं कशाला सांगू, लेक काय छान दिसत होती तिथे! गालांवर तजेला, रस्त्याने जाताना माणसं "ताई, जेवलात का?" विचारणारी. अंजूरला पोचलो, पंखा पाचवर केला, तरी अंग चिकचिकतच होतं.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, तुमच्याकडे उकडत असेल ना गं? आमच्याकडे अजून गोधडी लागते."

तुमच्याकडे. आमच्याकडे. सासरी गेलेल्या मुली असं बोलतात, आमची बिनलग्नाचीच बोलायला लागली. डोळे भरून आले. बदलीचं मी विचारलंच नाही.

"उकडतंय तर!" मी म्हटलं. "मे महिन्यात येतो आम्ही तुमच्याकडे. पाणी भरायला."