थांबलं की येतं

जगात माणूस नावाचा एक प्राणी आहे ही गोष्ट आमच्या धाकट्या भावोजींच्या कानावर आली असावी, पण त्यांनी ती कधी फारशी मनावर घेतली नाही. एकाही माणसाकडे त्यांनी सलग पाच मिनिटं लक्ष देऊन पाहिलेलं नाही, हे मी त्यांची वहिनी म्हणून छातीठोकपणे सांगू शकते. बेडूक, सरडा, चतुर, जळू, फार काय भिंतीवरची पाल, यांच्यासाठी मात्र त्यांच्याकडे अख्खा दिवस मोकळा असे. चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते आणि आमच्याच घरी, गच्चीवरच्या एकाच खोलीत, तिकडे जिला बरसाती म्हणतात, राहत. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून माणसांचंच रक्त बघत, पण ते कुणाचं असतं याची चौकशी त्यांनी कधी केली असेल असं मला वाटत नाही.

एकदा आम्ही त्यांना मुलगी दाखवायला अंबाल्याला नेलं. लष्करातल्या मराठी मेजरसाहेबांची मुलगी होती. तिने पोहे आणले, सतारीवर काहीतरी वाजवलं, तिच्या आईने स्वेटरचे नमुने दाखवले. भावोजी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाच्या दिशेने बघत बसले. त्यांना परत जायची घाई झाली असं समजून मेजरसाहेबांनी चहा आटोपता घेतला. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, कशी वाटली? ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "छान आहे. शेपटी तुटून नवी येतेय, पण तब्येत उत्तम." घड्याळामागे पाल होती. त्यानंतर त्यांच्या लग्नाचा विषय आम्ही काढला नाही.

चंडीगडवर त्यांचा मनापासून राग होता. इथली झाडं रांगेत उभी राहतात, इथलं गवतसुद्धा विचारून वाढतं, अशी त्यांची तक्रार. आम्ही मूळचे सावंतवाडीचे, आणि सावंतवाडीच्या डोक्यावर आंबोलीचं जंगल. तिथे पावसाळ्यात चार हातांवरचं दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि भावोजींच्या मते माणसाने राहण्यासारखी तेवढी एकच जागा आहे. वर्षाची सगळी रजा साठवून ते आषाढात तिकडे जात आणि पायाला जळवांचे डाग, ओलसर फोटो आणि माझ्या लोणच्याच्या बरणीत काहीबाही जिवंत घेऊन परत येत. त्यांची एकच ओढ होती. तिथे झाडावर राहणारा एक हिरवा बेडूक आहे, पायांची पडदेवाली बोटं पसरून तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचं घरटं करते, त्यात अंडी घालते, आणि एक दिवस त्या फेसातून पिल्लं टपटप खालच्या डबक्यात पडतात. ते पडणं त्यांना चित्रफितीवर हवं होतं. किती वर्षं ते त्या पानाखाली बसून आले, त्याची गणती त्यांनीही ठेवली नव्हती. ते कसं दिसेल असं कुणी विचारलं, की म्हणत, "थांबलं की येतं."

त्यासाठी व्हिडिओ कॅमेरा हवा, आणि त्या काळात चंडीगडमध्ये तो असायचा लग्नवाल्यांकडे. सेक्टर बावीसच्या बाजारात सुरजीतसिंग नावाचे सरदारजी लग्नाच्या फिल्मा काढत. धिप्पाड गृहस्थ, आवाज असा की नवऱ्यामुलाचा घोडा बिचकायचा. एरवी त्यांनी कॅमेरा कुणाला हात लावू दिला नसता. पण दिवस वाईट होते. खेड्यांतून अतिरेक्यांची फर्मानं निघत होती, वरात लहान आणा, बँड नको, भांगडा नको. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत, रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताना हात जड होई. नाच नसलेल्या लग्नाची फिल्म कोण काढून घेणार? सुरजीत दुकानात बसून लेन्स पुसत. भावोजींनी कॅमेरा मागितला तेव्हा ते म्हणाले, कॅमेरा जाएगा तो मैं भी जाऊँगा. इस्पितळात काम करणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी डाक्टर साब, तसे भावोजीही झाले.

आंबोलीतल्या त्या मोहिमेच्या हकिगती मला दोघांकडून वेगवेगळ्या ऐकायला मिळाल्या. सुरजीत बेडकाला "थोड़ा इधर देखो जी" म्हणत, हे भावोजींचं म्हणणं. डाक्टर साब दिवसभर बोलले नाहीत आणि मी शिंकलो तेव्हा माझ्याकडे खुन्यासारखं बघितलं, हे सुरजीतचं. पण पिल्लं पडली. भर पावसात, एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळत सुरजीतनी ती टिपली, आणि येताना त्यांना मराठीतलं एक वाक्य पाठ झालेलं होतं.

मग ते चित्रण मिक्सिंगला गेलं. मिक्सिंग म्हणजे सुरजीतचा धर्म. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, सगळ्यांना उजेडी घरी पोचता यावं म्हणून दुपारीच, भावोजींनी मोठ्या अभिमानाने ती फिल्म लावली. सनई सुरू झाली. पडद्यावर गुलाबी अक्षरं आली, शुभ विवाह. बदामाच्या आकारात एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. आणि तो क्षण, ज्यासाठी आमच्या भावोजींचं तारुण्य गेलं होतं, त्याच्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव. पाकळ्या कुठल्या आणि पिल्लं कुठली, काही कळेना. मंडळाच्या इतिहासात प्रथमच शास्त्रीय कार्यक्रमाला कुणी झोपलं नाही, टाळ्या थांबेनात. भावोजी माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाले, "वहिनी, यानं माझ्या बेडकांचं लग्न लावलं हो." महिनाभर त्यांनी सुरजीतशी अबोला धरला. सुरजीतना तो कळलाच नाही, कारण भावोजी एरवी बोलत त्याहून ते फार कमी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात सुरजीतच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा बटाल्याकडच्या एका खेड्यातला, वरात तिथून येणार. मुलीचा बाप त्या दिवशी खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरू शकत नाही, आणि ओळखीचा दुसरा फिल्मवाला दुकान बंद करून लुधियान्याला निघून गेला होता. सुरजीत आमच्याकडे आले आणि हात जोडून उभे राहिले. भावोजी खरोखर घाबरले. मला माणसं काढता येत नाहीत, म्हणाले. सुरजीत म्हणाले, "डाक्टर साब, मेंढक समझ के बना दो."

लग्न सकाळचं होतं, मोहालीतल्या त्यांच्या घराजवळच्या गुरुद्वारात. आम्ही पोचलो तेव्हा भावोजी फाटकासमोरच्या तुतीच्या झाडाला टेकून, एक मोठी कुंडी पुढे ओढून तिच्याआड बसले होते, आणि कॅमेरा रस्त्याकडे आणि फाटकाकडे लागला होता. वरात नाश्त्याला यायची होती. नाश्त्याची वेळ टळली. पुऱ्या गार झाल्या. मग कुणीतरी बातमी आणली की रस्त्यात कुठेतरी गोळीबार झाला आहे आणि नाके बंद केले आहेत. कुठे, कुणावर, कुणाला माहीत नव्हतं. फोन लागत नव्हता. आत मुलगी लाल कपड्यांत बसलेली, तिच्या आईने गुरुबाणीचा पाठ करायला घेतला. मीही बायकांत बसले होते, आणि ओळखदेख नसलेल्या त्या मुलासाठी देवाला हात जोडत होते.

सुरजीत फाटकापाशी उभे होते. कधी पगडी सारखी करत, कधी रस्त्यावर चार पावलं जाऊन परत येत. भावोजींचा कॅमेरा चालूच. एका वयस्कर नातेवाइकाने येऊन सांगितलं, ये क्या फिल्म बनाने का टाइम है, बंद करो. भावोजींनी ऐकलं नाही. शेवटी सुरजीत स्वतः आले. बॅटऱ्या संपतील, फेऱ्यांसाठी राहू द्या, म्हणाले. म्हणताना ते रस्त्याकडेच बघत होते. फेरे होतीलच हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिथे जमलेल्या इतक्या माणसांत ते सांगायची कुणाची छाती नव्हती. भावोजींनी कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हटलं, "थांबलं की येतं."

ते वाक्य सुरजीतना पाठ होतं. मग नव्या कोऱ्या कपड्यांनिशी त्यांच्या शेजारी मातीत बसले, आंबोलीत बसत तसे.

दुपार कलली तेव्हा धुळीने माखलेली एक मेटाडोर वळणावर आली. नाक्यानाक्यावरून परत फिरवल्यामुळे खेड्यापाड्यांच्या वाटांनी ती पहाटेपासून फिरत होती. भावोजींनी कॅमेरा गाडीवरून काढून सुरजीतच्या चेहऱ्यावर नेला आणि तिथेच धरला. नवरामुलगा खाली उतरायच्या आत शेवटची बॅटरी संपली. लाइट सकाळपासून गेलेली, चार्ज करायची सोय नाही. ग्रंथसाहेबांभोवती लावांची कवनं म्हणत फेरे झाले, मुलगी रडत सासरी गेली, आणि यातलं काहीही कॅमेऱ्यात आलं नाही.

घरी येताना भावोजींचं तोंड उतरलेलं होतं. लग्न राहिलंच वहिनी, असं ते पुनःपुन्हा म्हणत होते. काही दिवसांनी सुरजीत कॅसेट पाहून आले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. मी भीतभीत विचारलं, मिक्सिंगला टाकली का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "इसमें मैं कुछ नहीं डालूँगा, भैणजी."

ते वाईट दिवस पुढे सरले. दुकानावरून नाचत जाणाऱ्या वराती सुरजीतनी पुन्हा पाहिल्या, पुष्कळ बदाम आणि पुष्कळ पाकळ्या उधळल्या, आणि पिकल्या वयात गेले. त्यांच्या भोगाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या पाठाच्या समाप्तीला, आम्ही मोहालीला गेलो होतो. संध्याकाळी त्यांच्या मुलीने ती कॅसेट लावली. हजारभर लग्नांत कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस; त्याचा चालता-फिरता चेहरा शोधायला गेलं तर कुठेच नव्हता, या एका फितीखेरीज. फाटक, रस्ता, पगडी सारखी करणारे सुरजीत, पुन्हा रस्ता. मुलीचा धाकटा पोरगा कंटाळला. "मम्मी, शादी कब आएगी?"

"रुक," ती म्हणाली. "आती है।"

मग मेटाडोरीचा आवाज आला आणि पडदाभर सुरजीतचा चेहरा. तो मला वर्णन करून सांगता येणार नाही. चित्र तिथेच संपलं. पोरगा म्हणाला, पण लग्न कुठे आहे? ती डोळे पुसत म्हणाली, "यही तो है।" आणि तिने तो तुकडा परत लावला.

त्या खोलीत घड्याळामागे एक जाडजूड पाल होती. मी आत शिरतानाच पाहिली होती, आणि भावोजींची जागा नेमकी तिच्यासमोर होती. त्यांचे केस आता पांढरे झालेत, आंबोलीचे चढ झेपत नाहीत. पण तो चेहरा पडद्यावर होता तोवर त्यांनी नजर हलवली नाही, आणि तो गेल्यावरही ते कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिले. पाच मिनिटं झाली असतील की जास्त, कुणास ठाऊक. घड्याळाकडे माझंही लक्ष नव्हतं.