लाल दोऱ्याची केबल

मोठीच्या दुकानात केबल उघडीनागडी ठेवायची नाही, असा नियमच होता.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्यात कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन, एक लांब टेबल, रंगीत रिळांनी भरलेली भिंत आणि टेबलाला एक खण. खणात केबलींचा गुंता. सगळ्या काळ्या, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. त्यातली फोनची कुठली, मशीनची कुठली, हे मोठीला कळायचं नाही आणि त्याची तिला लाजही वाटायची नाही. तिने आपली तोड काढली होती. प्रत्येक केबलच्या टोकाशी रिळावरचा दोरा घट्ट गुंडाळायचा. फोनला निळा, टेबलावरच्या दिव्याला पिवळा, मशीनला लाल. "तुमच्या केबलीचं तुम्हाला कळू दे," ती म्हणायची, "मला रंग कळतो."

केबलींचं कळायचं धाकटीला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला. ती या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मोठीने हाताला धरून शिकवलं. पुढे मशीन घेतलं तशी कामाची वाटणी आपोआप झाली. लॅपटॉपवर नक्षी काढायची आणि केबलीतून मशीनमध्ये पाठवायची धाकटीने. कापड ताणायचं, अस्तर लावायचं, दोऱ्याचा ताण जुळवायचा मोठीने. मशीनला पेनड्राइव्हची खाचही होती, पण ती धाकटीच्या एका घाईत वाकली ती वाकलीच. तेव्हापासून दुकानाचा सगळा जीव त्या लाल दोऱ्याच्या केबलीत.

कुणी विचारलं, "दुकान कुणाचं?" तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हिचं." थोरले, म्हणजे मोठीचे यजमान, यावर "हं" म्हणायचे. ते सगळ्यावरच "हं" म्हणायचे, पण त्यात प्रकार होते. होकाराचा हं, नकाराचा हं आणि मला पेपर वाचू द्या असा एक लांब हं.

त्या सकाळी हॉस्पिटलच्या हेडनर्सबाई यायच्या होत्या. हॉस्पिटलने नवं बोधचिन्ह केलं होतं आणि ते साऱ्या नर्सच्या गणवेशांवर भरायचं होतं. काम मिळालं असतं तर वर्षभर दुकानाला बघायला नको. पण बाईंची अट होती, नमुना माझ्यासमोर भरून दाखवा. आणि नेमकं त्याच सकाळी धाकटीला भावाकडे जायचं निघालं.

"सगळं तयार आहे, ताई," चपला घालता घालता ती म्हणाली. "नक्षी उघडून ठेवलीय. लाल दोऱ्याची लावा, हिरवं बटण दाबा, झालं. चहा करण्यापेक्षा सोपं."

"तू थांबली असतीस तर बरं झालं असतं गं."

"तुम्ही असताना माझं काय काम?"

मोठीला ते ऐकून बरं वाटलं.

हेडनर्सबाई आल्या. त्या सगळ्यांशीच इंजेक्शन देण्याआधी बोलतात तशा बोलायच्या. "चला, पटकन होऊन जाईल हं, काही नाही त्यात." मोठीने कापड चौकटीत ताणलं, खाली अस्तर लावलं. लाल दोऱ्याच्या केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं मशीनला. हिरवं बटण दाबलं.

'मशीन सापडत नाही,' असं लॅपटॉपवर आलं.

मशीन त्याच्या शेजारीच होतं, कपाटाएवढं. मोठीने केबल काढली, पदराने पुसली, फुंकर मारली, टोकं उलटीसुलटी करून पुन्हा लावली. सापडत नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. सापडत नाही.

"होतं असं," हेडनर्सबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "वय झालं की होतं." मशीनचं की आणखी कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मोठीने धाकटीला फोन लावला. "अगं, हे घेतच नाहीये."

"लाल दोऱ्याचीच लावलीत ना?"

"लालच आहे."

"मग मशीनचा बोर्ड गेला, ताई. जुनं झालंय हो ते, मी कधीची म्हणतेय. बाईंना म्हणावं आज राहू द्या. तुम्ही उगीच जिवाला लावून घेऊ नका." आवाजात इतका कळवळा होता की मोठीच तिची समजूत काढायला लागली.

हेडनर्सबाईंनी पर्स उचलली. "कळवते हं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मोठीने चौकटीतलं कापड सारखं केलं. मग तिने मशीनच्या पोटात आधीपासून साठवलेलं एक फूल लावून पाहिलं. मशीनने ते देठापानांसकट झोकात भरलं. मोठी म्हणाली, "बोर्ड गेलाय तर हे कोण भरतंय?" थोरले म्हणाले, "हं." तिने विचार केला, बिचारीला लांबून काय कळणार, केबलच आत कुठेतरी तुटली असेल. तिने ती गुंडाळून पिशवीत टाकली आणि कोपऱ्यावरचं मोबाइल-केबलींचं दुकान गाठलं.

केबलवाला माणूस चांगला, फक्त "बघा" म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुढे सरकायचं नाही. त्याने केबलीला आपला फोन लावला, दुसरं टोक त्याच्या कॉम्प्युटरला. "हे बघा काकू, चार्ज होतोय. म्हणजे तुटलेली नाही, बघा. आता फोनमधले फोटो इथे दिसायला हवेत. दिसतात? नाही दिसत. कारण ही जन्मतःच मुकी आहे, बघा. आत फक्त विजेच्या तारा. बोलायच्या तारा घातलेल्याच नाहीत. ही नुसती चार्जिंगची."

"पण दिसते तर तशीच."

"वरून सगळ्या तशाच, बघा. लोक जाड बघून घेतात, पण ती जाडी रबराची. घेताना विचारायचं, यातून डेटा जातो का? आणि इथेच लावून बघायचं. फोटो दिसले तर घ्यायची."

"आमची तर रोज चालत होती."

"ही नव्हे, काकू. ही तुमच्या जाऊबाईंनी परवाच नेली, बघा. मी म्हटलं यातून डेटा जाणार नाही. तर म्हणाल्या, नक्की जात नाही ना? मग हीच द्या." तो हसला. "असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं."

मोठी हसली नाही. तिने केबलच्या टोकाचा दोरा निरखला. दोरा तिच्याच रिळाचा होता, तोच लाल. पण शेवटाला गाठ होती. मोठी कधी गाठ मारत नसे. दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून सरकवून ओढून घ्यायची, भरतकामाच्या मागच्या बाजूला करतात तसं. धाकटीला तिनेच ते शिकवलं होतं, आणि घाईत असली की धाकटी गाठ मारायची.

"डेटा जाणारी द्या," ती म्हणाली. "लावून दाखवा."

घरी येऊन तिने नवी केबल लावली, हिरवं बटण दाबलं. लॅपटॉपला मशीन लगेच सापडलं. नमुना असा उठून आला की एरवी ती त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली असती. तो कागदात गुंडाळून ती तडक हॉस्पिटलात गेली.

हेडनर्सबाईंनी नमुना हातात घेतला आणि त्यांचा चेहरा ओशाळला. "अहो, कशाला एवढी धावपळ केलीत? काम दिलं की मी. तुमच्या घरातच दिलं. दुपारी जाऊबाई मला त्यांच्या भावाकडे घेऊन गेल्या. नवं मशीन आहे तिथे, माझ्यासमोर भरून दाखवलं. म्हणाल्या, ताईंना आता झेपत नाही, आम्हाला त्यांना जपायचंय." त्यांनी मोठीच्या दंडावर हात ठेवला. "किती करतात हो त्या तुमचं."

परत येताना मोठीला घराची पायरी दिसेना.

धाकटी आली तेव्हा ती मुकी केबल टेबलावर होती. मोठीने काही विचारायच्या आधीच धाकटीने ती पाहिली, आणि मनगटावरचं घड्याळ उगाच सारखं केलं.

"मला माझं वेगळं करायचं होतं, ताई."

"मग तसं सांगायचं."

"तुम्ही रडला असतात."

"रडले असते. मग?"

"मग मी राहिले असते. दरवेळी तेच झालंय."

पेपरमागून "हं" आला. हा कुठल्या प्रकारचा होता, ते दोघींपैकी कुणालाच ओळखता आलं नाही.

"वेगळं हो," मोठी म्हणाली. "पण मला झेपत नाही, हे बाहेर का सांगितलंस? मला बाईंसमोर त्या बटणाशी का झटायला लावलंस? तू फोनवर कळवळत होतीस गं."

"त्यांना काहीतरी सांगायला तर हवं होतं." हे धाकटी इतकं हळू बोलली की ते खरंच असावं.

लॅपटॉप तिचा होता. मोठीने तो चार्जरसकट पिशवीत घालून दिला.

काही दिवस गेले. मोठी उशांच्या अभ्र्यांवर मशीनच्या पोटातली जुनीच फुलं भरत होती, आणि फोन वाजला.

"ताई," धाकटीचा आवाज रडवेला होता. "कापडाला चुण्या पडतायत. एकूण एक गणवेशाला. बाई यायच्यात बघायला. काय करू मी?"

चूक कुठे आहे ते मोठीला ऐकताक्षणीच कळलं. आणि हेही कळलं की 'ताण वाढव' एवढंच म्हटलं तर उरलेलं सगळं कापडही फुकट जाईल, आणि दोष नव्या मशीनवर येईल. शब्द अगदी ओठांवर होते. गोड आवाजात म्हणायचे होते, बस.

"अस्तर कुठलं लावलंयस?"

"पातळ."

"जाड लाव. वरच्या दोऱ्याचा ताण सैल कर. आधी चिंधीवर करून बघ."

पलीकडे मशीन सुरू झालं, थांबलं. "आलं, ताई. सपाट आलं." धाकटीचा श्वास मोकळा झाला. "तुम्ही रागावला नाहीत ना हो? मला माहीत होतं तुम्ही सांगाल."

"यापुढे अडलं तर दुकानात ये," मोठी म्हणाली. "टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभी राहा. हातातलं काम झालं की सांगेन."

"ताई, असं काय बोलताय?"

"आणि ताई नको म्हणूस. भरतकामवाल्या बाई म्हण. बाकीची गिऱ्हाइकं तेच म्हणतात."