तंबूच्या खुंट्या

निजामाची फौज गेली आणि भारताचं लष्कर आलं, तरी तंबूला खुंट्या लागायच्याच. त्यामुळे आमच्या शेटचं कंत्राट टिकलं. त्याच्या आदिलाबादच्या गोदामाची किल्ली बारा वर्षं माझ्या कमरेला होती. आत धावड्याच्या लाकडाच्या खुंट्या छतापर्यंत रचलेल्या असत. भरलं गोदाम बघितलं की मला जेवण गोड लागे.

मग मंचेरियलचा एक कारकून शेटने आणला. माझ्याच वयाचा, मराठीच, पण लष्कराची इंग्रजी पत्रं तो घडाघडा वाची. माझं उर्दू आता कुणालाच नको होतं. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "भाऊ, येवढा माल भरून काऊन ठेवता? वाळवी खाऊन राह्यली. लष्कराचं पत्र आलं का उटनूरच्या सुतारांकडून कापून घेऊ अन् तिथूनच धाडू."

शेट खूष झाला. होता तो साठा विकून टाकला आणि अर्धं गोदाम कापसाच्या व्यापाऱ्याला दिलं. नव्या कारकुनाला शेजारी बसवून चहा पाजू लागला. मी जळत होतो. खरं सांगतो, तो माणूस स्वभावाने चांगला होता हेसुद्धा मला सहन होत नव्हतं.

पहिली मागणी आली तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "लाकडातलं तुमाले जास्त समजते, भाऊ. माहं काई चुकून तर नाई राह्यलं?"

चुकत होतं. ओला धावडा सावलीत महिनोन्‌महिने वाळवावा लागतो, नाहीतर ऊन लागताच तडकतो. गोदाम त्यासाठीच तर भरलेलं असे.

"काई नाई," मी म्हणालो. "बराबर आहे."

छावणीत माल पोचला. साहेबाने पहिल्या खुंटीवर हातोडा घातला तर ती उभी चिरली. दुसरीचंही तेच. सगळा माल परत आला. त्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून शेटकडे गेलो. कारकुनाची फजिती मला डोळ्यांनी बघायची होती.

तो मान खाली घालून उभा होता. "चूक माहीच आहे, शेटजी. मी भाऊले पुसलं होतं. त्यायलेबी ठाऊक नसन, नाई तर त्यायनं सांगतलं असतं."

शेट माझ्याकडे वळला. "बारा वर्सं लाकडात बसून तुले येवढं ठाऊक नवतं?"

ठाऊक होतं म्हणावं, तर मूग गिळून का बसलो तेही सांगावं लागलं असतं. लाकडाची पारख, आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मला नीट येत होती.

"नवतं ठाऊक," मी म्हणालो, आणि त्या भल्या माणसाने माझ्या पाठीवर हात ठेवला.