निलू काय म्हणाला होता

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आणि माझं तोंड कसं आहे ते पनवेलच्या बाजारात कुणालाही विचारा. माझ्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका सांगतील, हिच्या पोटात काही राहत नाही म्हणून. राहतं. एक गोष्ट राहिली आहे, कित्येक वर्षं.

पण आधी माझा संताप ऐका. तो तरी खरा आहे.

परवा धाकट्या भावाबरोबर मिसळ खायला गेले होते. निलू त्याच्या बॅटरीच्या खुर्चीवर, मी शेजारी. जन्मापासून त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत, जीभही वळत नाही. डोकं मात्र माझ्या दुप्पट चालतं. तर वेटर आला आणि निलूच्या डोक्यावरून मला विचारतो, "यांना काय देऊ? तिखट चालतं का यांना?" अरे, समोर चाळिशी ओलांडलेला माणूस बसलाय, त्याला विचार ना! मी भडकलेच. तोवर निलूने बोटाच्या पेराने मोबाइलवर टाइप केलं होतं. मोबाइल खणखणीत आवाजात बोलला, "जास्त तिखट. आणि पाव गरम आणा." वेटर दोन पावलं मागे सरकला.

हे रोजचं आहे हो. डॉक्टर मला विचारतात, कुठे दुखतंय यांना? बँकेत मला विचारतात, सही करतील का हे? रिक्षावाले तर खुर्ची बघून विचारतही नाहीत, सरळ निघून जातात. मी प्रत्येकाशी भांडते. 'त्याच्याशी बोला, माझ्याशी नाही', हे माझं ठरलेलं वाक्य. त्या भांडणांपायीच नवरात्रात महिला मंडळाने मला स्टेजवर बोलावलं आणि शाल घातली. शाल! मला! आणि मी ती घेतली, वर फोटोही काढून घेतला.

लाज? होती ना. पण फोटोत दिसत नाही ती.

थांबा, नीट सांगते.

लहानपणी आम्ही दोघं शाळा-शाळा खेळायचो. मी बाई, निलू वर्ग. त्या खेळातच मला त्याचं बोलणं कळायला लागलं. आईला त्याची भूक कळायची, दुखणं कळायचं. वाक्य कळायचं नाही. बाबा लवकर गेले. मग निलूने तोंड उघडलं की आई माझ्याकडे वळायची, "काय बोलतो गं?" आणि मी सांगायचे. जसंच्या तसं सांगायचे हं, तेव्हा. येणारे-जाणारे म्हणायचे, ही पोरगी नसती तर त्याचं काय झालं असतं! मला ते गोड लागायचं. फार गोड लागायचं.

निलू विशीत असताना एक सर घरी आले. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांची संस्था होती. अशा मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे, राहायची-जेवायची सोय तिथेच. त्यांनी एक लॅपटॉप आणला होता. अक्षरं दाबली की तो बोलायचा, इंग्रजाने बोलावं तसं वाकडं मराठी. सरांनी निलूला बटणं दाखवली. निलूने पेराने एकेक अक्षर दाबलं. घाम फुटला त्याला. आणि ते यंत्र म्हणालं, "आई."

आईने डोळ्यांना पदर लावला. "मना हाक मारली गं त्यानी! आयकलंस?"

ऐकलं ना. सगळ्यांनीच ऐकलं. मला कुणी विचारलंच नाही, काय बोलतो गं म्हणून. मला त्या यंत्राचा हेवा वाटला. यंत्राचा! माणसाने किती खाली जावं?

सरांनी लॅपटॉप पिशवीत भरला. मग ते निलूसमोर गुडघ्यांवर बसले आणि त्याला, फक्त त्यालाच, विचारलं, "निलेश, येणार का तू?" त्याला सरळ विचारणारा तो पहिला माणूस. निलू बोलला. बराच वेळ बोलला, मान ताणून, लाळ गळेस्तोवर. मला शब्दन् शब्द कळला. सर माझ्याकडे बघायला लागले. आईही.

मी म्हणाले, "नको म्हणतोय. आईला सोडून राहवणार नाही म्हणतोय."

निलू किंचाळला. खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागला, पुन्हा पुन्हा. आणि मी सरांना म्हणाले, "बघा, किती घाबरला. नका ना आता जास्त विचारू." त्याचा राग मी भीती म्हणून खपवला. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

पुढचे कितीतरी दिवस तो आईला सांगायची धडपड करत होता. आई मला विचारायची, "काय बोलतो गं?" मी म्हणायचे, पोटात दुखतंय म्हणतो. आई बिचारी ओवा भरवायची त्याला. तो थुंकून टाकायचा. मग एक दिवस त्याने ओवा मुकाट्याने चावला, आणि तो विषय काढणं सोडलं.

आणि ही बाई वेटरवर ओरडते! त्या वेटरने निदान तिखट चालतं का एवढं तरी विचारलं होतं.

पुढे मोबाइल आले. निलू सगळं आपलं आपण शिकला, मला एक शब्द न विचारता. आज तो हळदीचे बॅनर करतो, लग्नपत्रिका करतो. आजूबाजूच्या गावांतले नवरदेव त्याच्याकडे आपले फोटो पाठवतात. संध्याकाळी खुर्ची काढतो आणि एकटा एसटी स्टँडकडे चहाला जातो. हे सगळं त्याला विशीत मिळालं असतं. ती वर्षं मी खाल्ली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मागच्या आठवड्यात शिरढोणची मावशी आली. आई तिला सांगत बसली, तिची आवडती गोष्ट. "यवडा मोटा मास्तर घरी आलता त्याला न्यायला. पर माजा निलू नाय बोलला. आईला सोरून जानार नाय बोलला. असा पोरगा कुनाचा हाय, सांग?"

मावशी माझ्याकडे वळली. "खरंच गं?"

निलूच्या मांडीवर मोबाइल होता, पेर अक्षरांवर. आता त्याला माझी गरज नव्हती. तो माझ्याकडे बघत होता आणि थांबला होता. मला वेळ देत होता, कळतंय का तुम्हाला? इतक्या वर्षांनी तो मला वेळ देत होता.

मी म्हणाले, "हो, मावशी."

त्याने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा नुसता फुलला होता. मग तो टाइप करायला लागला, सावकाश. मोबाइल बोलला, "मावशी, चहा घ्या. गार होतोय."

आई अजून ती गोष्ट सांगते. तो अजून गप्प बसतो, तिच्यासाठी. आणि मी बाहेर जाऊन लोकांशी भांडते, त्याला विचारा म्हणून.

तर त्या दिवशी निलू सरांना काय म्हणाला होता, ते हे. जसंच्या तसं.

"मला यायचंय, सर. आईला सांगा, रडू नको, मी प्रत्येक सुट्टीत घरी येईन. पहिल्या दिवशी मला सोडायला ताई येईल."